कुड्याची सत्तेचाळीसावी कुपी

"मी खोटा रिझल्ट दाखवला म्हणतात," अनुया सांगत होती. आवाजात ना राग, ना रडू. "संध्याकाळी काढून टाकतील. मला तर काही वाटतच नाहीये."

अंबरनाथच्या त्या औषध प्रयोगशाळेत गुप्तहेर बकुळा म्हात्रे आणि तिचे भावोजी भगवंत ऐकत उभे होते. भावोजींचं डोकं जरा हळूच चालायचं, पण सोबतीला माणूस बरा.

कुड्याच्या सालीतला एक रेणू घेऊन अनुयाने त्याची शंभरेक भावंडं घडवली होती, प्रत्येकात थोडा फरक. हगवणीच्या जंतूंवर एकच चाललं, सत्तेचाळीस नंबरचं. काल चाललं, आज साफ फेल. आणि तिला फ्रिजला हात लावायची बंदी.

बकुळाने फ्रिज उघडला. सगळ्या कुप्यांत पिवळसर गोठलेलं. सत्तेचाळीसमध्ये मात्र पांढरंशुभ्र.

"कशात विरघळवता हे?"

"सॉल्व्हंट असतं, फ्रिजमध्ये गोठतं. अंगावर सांडलं तर कातडीतून थेट रक्तात. हातमोजे घाल, हे श्रीपाद सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं."

फ्रिजच्या किल्ल्या आणखी दोघांकडे होत्या. चाचणी करणारा अल्पेश भडकलाच. "मला वितळवून देतात ते मी टेस्ट करतो, मॅडम. ते चाललं असतं तर माझंपण नाव झालं असतं ना! मी कशाला वाट लावू?"

विभागप्रमुख श्रीपाद सरांनी भगवंतांनी पुढे केलेला, शिवमंदिराजवळचा वडापाव हातानेच परतवला. "चातुर्मास. कांदा-लसूण बंद. पोरगी गुणी हो, पण घाई नडली. मी उभा जन्म कुड्यात घालवला, मला काही गवसलं नाही."

बाहेर येताच भगवंत खिदळले. "कसला डोंबलाचा चातुर्मास! बुवांच्या तोंडाला लसणाचा भपकारा!"

बकुळा थबकली. "भावोजी, तुमचं नाक सोन्याने मढवायला हवं."

संध्याकाळी ती तिघांसमोर बोलली. "पिवळं गेलं, पांढरं आलं. म्हणजे कोणीतरी औषध काढून कोरं सॉल्व्हंट भरलं. घाईत ते हातावर सांडलं. अनुया, मग काय होतं?"

"थोड्या वेळाने तोंडाला लसणाचा वास येतो," अनुया म्हणाली. "दुसऱ्या दिवशीही राहतो."

"अल्पेशला तो वास नाही. चातुर्मास पाळणाऱ्याला आहे."

सरांनी खिशातून एक पिवळी कुपी काढून टेबलावर ठेवली. "ओतून टाकायचा धीर झाला नाही," ते पुटपुटले. "दोन वर्षांत केलंस गं तू. दोनच वर्षांत."

नोकरी वाचली होती. आनंद व्हायला हवा होता. अनुयाला काहीच वाटेना.

तिने आधी हातमोजे चढवले, मग कुपी उचलली.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, सर," ती म्हणाली.