लांबची लेन्स, हिरवं पाणी

व्हेल शार्कच्या डाव्या कल्ल्यामागचे ठिपके टिपायचे, एवढ्यासाठी आम्ही नागपूरहून मालवणच्या समुद्रात आलो होतो. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे हे ठिपके प्रत्येक माशाचे वेगळे. माझी नणंद अदिती त्यांच्यावर संशोधन करते. फोटो काढणार होता माझा नवरा प्रीतम, ताडोबातल्या वाघांमागे वर्षानुवर्षं फिरलेला. आणि मी? दीड वर्षाच्या स्वानंदला सासूबाईंकडे ठेवून आले होते. मी फक्त लेन्स निवडली होती.

निवडायला नको होती.

प्रीतमला रुंद लेन्स हवी होती. तिच्यात अख्खा मासा मावतो. पण माशाच्या अगदी शेजारी जावं लागतं. मी लांबच्या लेन्सवर अडून बसले.

“वाघाचा फोटो काढाले कधी जिप्सीतून उतरला का तू?”

“अवं, पाण्यात जिप्सी कुठून आणू?”

“म्हणूनच म्हणते, दूर राह्य. पोरगं लहान आहे आपलं.”

पोराचं नाव काढलं की तो वाद घालत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी काढलं. मग तरणतलावात चाचणी झाली. चादरीवर टिकल्या चिकटवून अदितीनं ती पाण्यात धरली आणि प्रीतमनं दुसऱ्या टोकाहून फोटो काढले. एकेक टिकली लख्ख! मी जिंकले. कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीला त्याच लेन्सपुरती काच बसवली आणि आम्ही निघालो. रुंद लेन्स दुकानातच राहिली.

समुद्र तरणतलावासारखा नव्हता. ज्या बारीक जीवांना खायला व्हेल शार्क येतो, त्यांनीच पाणी गढूळ हिरवं करून टाकलं होतं. होडीच्या कडेवरून हात बुडवला, तर कोपरापुढचं दिसेना.

“मासो आलो रे!” तांडेल बाबलकाका ओरडले. होडी त्यांचीच.

पाण्याखालून एक काळी सावली सरकली. होडीपेक्षा लांब! मी कडेवरचा हात झटकन आत घेतला.

“वयनीनू, भियाव नको. तो माणसाक खाणा नाय.”

“शेपटीला काही समजतं का काका, माणूस आहे की मासळी ते?”

प्रीतम उतरला. वर आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. तोंडातली नळी काढून म्हणाला, “पालकाची पातळ भाजी येऊन राहिली फोटोत! दूर गेलो तर मासा दिसत नाई, जवळ गेलो तर लेन्समध्ये मावत नाई.”

मासा मावावा म्हणून तो मागे मागे सरत गेला. डोळा कॅमेऱ्याला. मागे काय आहे ते त्याला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. पाण्याची ओढ त्याला वर डोकावणाऱ्या खडकांकडे नेत होती!

“प्रीतम! मागे पाह्य!”

लाट फुटली. तो नाहीसा झाला. बाबलकाकांनी होडी वळवली. अदितीनं दोर फेकला. एकदा चुकला. दुसऱ्यांदा पाण्यातून एक हात वर आला आणि दोर पकडला गेला! आम्ही दोघींनी त्याला ओढून वर घेतलं. खडकाला घासून पिंढरी सोलवटली होती. कॅमेरा मात्र छातीशी धरलेला.

ज्या लेन्सनं त्याला दूर ठेवायचं, तिनंच त्याला खडकांवर नेलं होतं. आणि ती लेन्स माझी होती.

“चला परत,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

अदिती पाण्याकडे बघत राहिली. मासा अजून तिथेच होता, जवळजवळ उभा राहून, तोंड वर करून पाणी गिळत. हलतही नव्हता फारसा. या एका फोटोसाठी तिनं दोन हंगाम वाट पाहिली होती.

मी प्रीतमला विचारलं, “अगदी जवळ गेलं तर गढूळपणा मधे येणार नाही ना? हातभर तुकडा तरी स्वच्छ येईल?”

“येईल. पण तुकडाच.”

“मग तुकडे काढ. एकाला लागून एक. अदिती जोडेल.”

प्रीतम बघतच राहिला. “तू म्हणून राहिली हे?”

“हो. जवळ जा.” आवाज माझा वाटत नव्हता.

या खेपेला दोर त्याच्या कमरेला बांधला. दुसरं टोक माझ्या हातात. तो त्या ठिपक्यांच्या भिंतीसमोर थांबला. माशाला न शिवता वरून खाली, मग शेजारची पट्टी. मी दोर थोडा थोडा सैल सोडत होते.

अचानक पाणी ढवळलं! शेपटी! मी सगळं बळ लावून दोर खेचला. प्रीतम उलटापालटा होत मागे आला. सावली शांतपणे खोल गेली. पुन्हा वर आली नाही.

“काहून ओढलं वं?”

“शेपटी फिरली ना!”

“लय दूर होती, भावना.”

दूर होती? मला तर त्याच्या डोक्यावर दिसली होती. खरं काय, ते अजूनही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

संध्याकाळी अदितीनं खोलीवर लॅपटॉपवर तुकडे जोडले. हळूहळू एक कूस उमटली, पांढऱ्या ठिपक्यांची, इतकी सुंदर की आम्ही तिघं पडद्याकडे सरकलो. फक्त कल्ल्यामागे, शेवटच्या पट्टीत, एक चौकोन रिकामा. तिथेच मी दोर खेचला होता.

“ओळख पटेल?” प्रीतमनं विचारलं.

“पटेल बहुतेक. आजूबाजूचे ठिपके भरपूर आहेत.” अदिती माझ्याकडे वळली. “वहिनी, नोंदीत हे रिकामं काहून राहिलं ते लिहा लागते.”

“लिही, वहिनी घाबरली.”

ती हसली. तिनं टंकलं, ‘छायाचित्रकाराच्या सुरक्षिततेसाठी काम थांबवले.’

वाचायला किती चांगलं वाटत होतं! मी ते खोडायला सांगितलं नाही.