झऱ्यावरून रस्ता जाणार नाही

माणसाला हात लावायचा नाही, असा नियम असलेल्या यंत्रमानवाने वाटेत मांडी ठोकून बसलेल्या मुलीचं काय करायचं?

मापाड्या याच पेचात पडला होता. महाराष्ट्रातून गोव्यात जाणारा महामार्ग आखायला तो काजूळवाडीत आला होता. त्याची सरळ रेघ नेमकी गावाच्या झऱ्यावरून जात होती, आणि त्या रेघेवर सहावीतली केतकी गावडे बसली होती.

"बाळ, बाजूला हो."

"नाही होणार! खाली वनमार्ग आहे ना? तोच मोठा करा."

वनमार्ग म्हणजे हलक्या गाड्यांसाठी झाडीतून काढलेला, वाटेत छोटा पूल असलेला जुना रस्ता.

"त्याची वळणं ताशी चाळीस किलोमीटरसाठी आहेत," मापाड्या म्हणाला. "महामार्गावर गाड्या ऐंशीने धावतील. वेग दुप्पट झाला की गाडी वळवायला चौपट जोर लागतो. नुसतं घर्षण (टायरची रस्त्यावरची पकड) पुरणार नाही. गाडी दरीत जाईल."

"मग घाटात वळणाची बाहेरची कड उंच का असते?"

मापाड्याच्या मागे उभ्या असलेल्या अभियंता फरजाना मुल्ला पुढे आल्या. त्यांनी शेजारच्या घरातून परात आणि गोटी मागवली.

"फिरव बघू."

केतकीने परात गरगर हलवली. गोटी कडेवर चढली आणि गोल गोल धावू लागली.

"मॅडम, कड तिला आत ढकलतेय!"

"बरोबर. रस्त्याचा आडवा उतार (बाहेरची कड उंच ठेवणं) हेच करतो. पण कड फार उचलली तर सावकाश जाणारा ट्रक आत कलंडेल. म्हणून त्रिज्याही वाढवावी लागते (वळण ज्या वर्तुळाचा तुकडा असतं, ते वर्तुळ मोठं करायचं)."

"मग करा की! कड उचला, वळणं मोकळी करा, ट्रकसाठी पूल भक्कम करा!"

"हे मोजायला मला कुणी सांगितलंच नाही," मापाड्या म्हणाला.

"मी सांगतेय. मोज!"

मुल्लामॅडमनी झऱ्याकडे पाहिलं. "मोज रे," त्या म्हणाल्या.

मापाड्या संध्याकाळी परतला. केतकी तिथेच होती.

"जमतंय. पण एका वळणाला जागा कमी पडते. गावड्यांची काजूची बाग अर्धी जाईल."

ती झाडं केतकीच्या बाबांनी लावली होती.

"जाऊ दे. बाबा रागावतील, रागावू देत. बाग आमची आहे. झरा सगळ्या गावाचा आहे. त्याला हात लावायचा नाही!"

बाबा रागावलेच. दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र कोणती झाडं वाचवता येतील, ते मापाड्याला दाखवायला स्वतः बागेत गेले.

"गोव्याच्या बाजूलाही असे वनमार्ग आहेत," मापाड्या केतकीला म्हणाला. "तिथेही मी आधी जुना रस्ता मोजेन."

नव्या आखणीची पहिली खुंटी केतकीने ठोकली. बाबांचे गाल अजून फुगलेलेच होते. पण खुंटी त्यांनीच धरली होती.