जासईहून फोन

चहाच्या मशीनपाशी वैदेही कप भरत होती, तेवढ्यात शेजारी एक उंच तरुण येऊन उभा राहिला. केसांवर, शर्टावर लाल धूळ, काखेत हेल्मेट.

"ते फायरवॉलवाले साहेब कुठे बसतात हो?" त्याने विचारलं.

"काय काम होतं?"

काम कसलं, तक्रारच होती. तो ऋषी घरत, कंपनीच्या जासईच्या कंटेनर यार्डातला. कोलंबोच्या जहाज कंपनीची साइट सकाळपासून उघडत नव्हती, आपला माल कुठल्या जहाजावर चढला ते कळत नव्हतं आणि गिऱ्हाईक पार्ट्या फोनवर फोन करत होत्या. साहेब एसीत बसून सगळं बंद करून टाकतात, यार्डातल्या माणसांचं त्यांना काय... वैदेहीने सगळं ऐकून घेतलं आणि भरलेला कप त्याच्या हातात दिला.

"ते साहेब मीच. साखर कमी वाटली तर सांगा."

ऋषीचे कान लाल झाले. चहा मात्र त्याने सोडला नाही.

नव्याण्णव साल होतं. वाशीच्या त्या ऑफिसात इंटरनेट नवंच आलं होतं, आणि यार्डाची लाइनही तिथूनच जायची. बाहेरून कुणीतरी कंपनीच्या कॉम्प्युटरांत घुसायला बघत होतं, म्हणून वैदेहीने यार्डासाठी इंटरनेटवरचे सगळेच पत्ते बंद करून टाकले होते. सोसायटीत चोरी झाली की वॉचमन आधी गेट लावून घेतो, मग ओळखीच्यांना एकेक करून आत सोडतो. तसंच फायरवॉलचं, असं तिने त्याला समजावलं. कोलंबोचा पत्ता तिथल्या तिथे उघडून दिला. जाताना तो दारात उगाच घुटमळला... आणि ते तिच्या लक्षात आलं.

मग जासईहून फोन येऊ लागले. आधी सिंगापूरच्या बंदराचा पत्ता, मग दुबईचा. पुढे हवामानाचा. मग एक दिवस क्रिकेटच्या स्कोअरचा.

"यात यार्डाचं काय काम?" वैदेहीने विचारलं.

"काम नाही... पण बंदरं संपली ना, मॅडम."

ती रिसीव्हर कानाला लावून एकटीच हसली. आणि तो पत्ता तिने उघडला.

नेमका तोच नडला. काही दिवसांनी कंपनीचे दर प्रतिस्पर्ध्याला आगाऊच कळू लागले. प्रत्येक वेळी समोरचा थोडंसं कमी सांगून पार्टी पळवायचा. दरांची फाइल जासईच्या कॉम्प्युटरवर असायची. मॅनेजर धर्मराज यांनी चौकशी लावली, तेव्हा ती फाइल त्या क्रिकेटच्याच पत्त्यावर जात असल्याचं दिसलं. फुकट जागा देणारा पत्ता तो, तिथे हजारो लोकांनी आपापल्या साइट्स थाटलेल्या. कुणी उघडायला सांगितला, असं धर्मराजनी विचारलं. वैदेहीने खरं ते सांगितलं : ऋषीने सांगितला, मी उघडला. धर्मराज म्हणाले, मग उद्यापासून त्याने येऊ नये, आणि तुमचंही बघावं लागेल.

तिने एका दिवसाची मुदत मागितली. ऋषीला फोन करून सांगितलं, कॉम्प्युटर चालू ठेवा, ऑफिसला कुलूप घाला आणि वाशीला या. तो आला. जासईचे सगळे पत्ते बंद करून ती स्क्रीनसमोर बसली, एका बाजूला ऋषी, मागे धर्मराज.

"तुम्हालाही वाटलं का, मी केलं असं?" त्याने हळूच विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "थोडा वेळ... वाटलं," ती म्हणाली.

त्याने आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.

थोड्या वेळाने स्क्रीनवर ओळी उमटू लागल्या. कुलूपबंद ऑफिसातला तो कॉम्प्युटर आपण होऊन बाहेर जायला बघत होता. आधी त्या क्रिकेटच्या पत्त्यावर, नकार मिळाला की दुसऱ्या, मग तिसऱ्या. यार्डात कुणीतरी घातलेल्या गेमच्या फ्लॉपीबरोबर शिरलेला छुपा प्रोग्रॅम होता तो. उघडं दार मिळेल तिथून फाइल पाठवायचा. धर्मराजनी ऋषीचा हात हातात घेऊन माफी मागितली. ऋषी नम्रपणे हसला, हेल्मेट उचललं आणि निघून गेला.

त्यानंतर जासईहून फोन आला नाही. आला तरी कामापुरता, आणि दुसऱ्याच कुणाच्या आवाजात. वैदेही दर वेळी धावत रिसीव्हर उचलायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

शेवटी तो कॉम्प्युटर साफ करायच्या निमित्ताने ती स्वतःच जासईला गेली. काम आटोपलं तेव्हा दुपार झाली होती. जवळपास खाणावळ नव्हती, म्हणून ऋषी तिला गावात आपल्या घरी जेवायला घेऊन गेला. दारात त्याची आई, सुमित्राबाई, कोलंबी सोलत बसली होती. तिने वैदेहीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हीच हाय का ती फोनवाली? बस गो, पानी आनते. याच्या तोंडान रोज तुजंच नाव."

ऋषी एकदम घरात दिसेनासा झाला. वैदेही पाटावर बसली, आणि किती दिवसांनी तिला कडकडून भूक लागली.

निरोपाला तो बसथांब्यापर्यंत आला. खाडीवरून वारा येत होता.

"मी रागावलो नव्हतो," तो म्हणाला. "यार्डात कुणी काही म्हणालं तरी मला लागत नाही. तुमचं लागलं... का, ते कळायला वेळ गेला."

"मला तुमच्या फोनची सवय झाली होती." ती थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सवय नाही... तुम्ही मला आवडता, ऋषी. हे सांगायला आले होते. कॉम्प्युटर काय, कुणीही साफ केला असता."

त्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं, ते त्याला आवरेना. बस आली, कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, घंटी वाजली आणि बस गेली. दोघांपैकी कुणीच हात केला नव्हता.

"पुढची बस उशिरा आहे, मॅडम."

"परत मॅडम म्हणालास तर चालत निघेन."

ऋषीने एक श्वास घेतला.

"मग थांब ना, वैदेही."

ती थांबली.