भांडेगल्लीची रीत

पाण्याचा गुंड घेऊन शेजारचा भैय्यालाल आला तेव्हा रुखमा दुकानाच्या पायरीवर भाजी निवडत होती. पितळी भांडं, गळ्याखाली पोचा पडलेलं. "काका, एवढा पोचा काढून द्या," तो रुखमाच्या नवऱ्याला, खुशालला म्हणाला, आणि जाता जाता तिच्या पायाही पडला. "नवी आली ना घरी. तिले पाणी भरायले लागते."

हा शेजारी असाच. तोंडात साखर, दुसऱ्याच्या औषधासाठी भर पावसात धावणारा. राक्षसाला शिंगं असती तर किती सोपं झालं असतं, असं रुखमाला नेहमी वाटे. सत्यवती, त्याची पहिली बायको, हाच गुंड वरचेवर पोचा काढायला आणायची. "हातातून सुटला, काकू," म्हणायची आणि पदर गालावर ओढून घ्यायची. मागच्या वर्षी ती मोरीत पाय घसरून गेली. निदान गल्लीनं तसं मान्य केलं.

भंडाऱ्यातल्या या भांडेगल्लीची एक रीत होती. कुणाच्या घरात मारझोड सुरू झाली की दुकानादुकानांतून हातोड्या चालू व्हायच्या. रस्त्यावरच्या माणसाला रडणं ऐकू जाऊ नये, घराची अब्रू राहावी, म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची! मुठीत कुणाचा गळा आहे हे कोण बघतो? खुशालही ठोकायचा. रुखमा उठली की म्हणायचा, "बस ना व. दुसऱ्याच्या घरात कायले जाते?" जीव नुसता जळायचा, तरी ती बसायची.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हाही गल्लीत चिक्कार दुकानं होती. मग घरोघर स्टील-प्लास्टिकच झालं. कारागीर काही मेले, काही नागपूरला गेले. आता कुलपांच्या रांगेत एकट्या खुशालचं दुकान उघडं. म्हणजे झाकणारी हातोडी एकच उरली होती, आणि ती रुखमाच्या घरातली होती. यापुढे ती चालू द्यायची नाही, हे तिनं त्या दुपारी मनाशी पक्कं केलं.

दिवेलागणीला नवी नवरी, हर्षा, पोचा काढलेला गुंड न्यायला आली. कोवळी पोर, हातावरची मेंदी अजून लाल.

"काकू, समोरच्या दुकानात कोण ठोकते?" तिनं हळूच विचारलं.

"तिथं? त्याले तं कधीचं कुलूप आहे."

"मंग... मले काहून ऐकू येते?"

रुखमा काही बोलणार तोच शेजारून हाक आली. गोडच हाक. हर्षा गुंड उचलून पळाली.

थोड्या वेळानं ताट आपटल्याचा आवाज आला. मग हर्षाचं, "नको... नको ना जी..."

खुशालचा हात सवयीनं हातोडीकडे गेला. रुखमानं ती हिसकावली आणि पाण्याच्या टाक्यात फेकून दिली. "आज नाही! ऐकू द्या रस्त्याले. साऱ्या भंडाऱ्याले ऐकू द्या!"

गल्ली गप्प झाली. हर्षाची किंकाळी स्वच्छ ऐकू आली. कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्यानं मान वळवली. बस, एवढंच तर हवं होतं...

ठण्ण.

समोरच्या बंद दुकानातून. मग त्याच्या पलीकडच्या. मग सगळ्याच. कुलपं जागच्या जागी होती, आणि त्यांच्यावरची कोळिष्टकं घावाघावाला थरथरत होती. कोळशाचा, चिंचेच्या पाण्याचा जुना वास गल्लीभर पसरला. ऑटोवाल्यानं, गल्ली अजून चालू आहे म्हणायची, अशा कौतुकानं मान डोलावली आणि पुन्हा सवारीची वाट बघू लागला.

रुखमाला भीती वाटायला हवी होती. तिला संताप आला. मेल्यावर तरी माणसानं सुधारावं की नाही? ती धावली, भैय्यालालच्या दारावर थापा मारू लागली. "दार उघड, मेल्या!" पण तिचा आवाज तिलाच ऐकू येईना.

एकदम सारं थांबलं. दार उघडलं. दारात भैय्यालाल, भांग नीट पाडलेला. "काय झालं काकू? काही पाहिजे होतं काय?"

त्याच्या मागे हर्षा, हातात गुंड. गळ्याखाली, अगदी त्याच जागी, पोचा.

"हातातून सुटला, काकू," ती म्हणाली.

रुखमानं तिचं मनगट धरलं आणि तिला उंबऱ्याबाहेर ओढलं. "माझ्या घरी चाल. अन् साऱ्याइच्या समोर सांग, कोणं मारलं तुले?"

हर्षाचे ओठ हलले.

ठण्ण.

या वेळी आवाज रुखमाच्याच दुकानातून आला. एक घाव, मग दुसरा, मग थांबेचना. हर्षा काय बोलली ते कुणालाच कळलं नाही. रुखमा चवताळून मागं वळली, नवऱ्याला शिव्या घालायला.

खुशाल तिच्या पाठीशीच उभा होता, तिच्यामागोमाग धावत आलेला, दोन्ही रिकामे हात छातीशी धरून.