गार्गीचं कार्ड

यशोधनचं दोह्याच्या उत्तरेला रास लफानच्या गॅस प्रकल्पातलं काम दोन शब्दांत सांगायचं तर माणसं मोजणं. सेफ्टीतला हुद्दा तसा मोठा होता, पण सासुरवाडीला समजावताना तो हेच सांगायचा. टाकीच्या आत दुरुस्ती चालू असली की टाकीच्या तोंडाशी एक पांढरा बोर्ड टांगतात. आत उतरणाऱ्यानं आपलं नावाचं आणि फोटोचं कार्ड त्यावर अडकवायचं, आणि बाहेर आल्यावर स्वतः काढून घ्यायचं. कार्ड ज्याचं, हात त्याचाच. बोर्ड रिकामा झाल्याशिवाय टाकीचं झाकण लागत नाही. फार पूर्वी, दुसऱ्या एका देशातल्या कामावर, कुणीतरी भलेपणानं आपल्या मित्राचं कार्ड काढून खिशात घातलं होतं. मित्र बाहेर येऊन पुढे गेला असेल, असं त्याला वाटलं होतं. मित्र आतच होता. तीन तासांनी जिवंत निघाला, पण झाकणाच्या आतल्या बाजूला त्याच्या नखांचे ओरखडे होते. ते यशोधननं स्वतः पाहिले होते.

तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात इतकं बसलं की त्यानं ते घरीही आणलं. दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या एकाच इमारतीतली चार मराठी कुटुंबं हिवाळ्यातल्या सुट्टीच्या शुक्रवारी फिरायला निघत. कधी झकरीतचे खडक, कधी वाळवंटात शिरलेला समुद्र, कधी नुसतीच किनाऱ्यालगतच्या कॉर्निशवरून लाकडी होडीतली चक्कर. कुठंही निघाले तरी यशोधनच्या गाडीत छोटा बोर्ड आणि लॅमिनेट केलेली अकरा कार्डं असायचीच.

"अरे, फिरायला चाललोय, टाकीत नाही उतरत आपण!" शेजारचा गजेंद्र दर वेळी म्हणायचा, आणि दर वेळी मुकाट्यानं आपलं कार्ड अडकवायचा.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी अल थखिराच्या खारफुटीत कयाक चालवायचं ठरलं. दोह्याहून तासाभराचा रस्ता. बाहेर हवा झकास होती, गाडीत मात्र कुरबुर चालू होती. नऊ वर्षांच्या गार्गीला मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून निघायचं ते इंग्रजीच. नाशिकची आजी फोनवर विचारायची, "जेवलीस का गं बाळा?" आणि ही म्हणायची, "येस आजी, आय डिड." आजी हसून घ्यायची. यशोधनला मात्र ते लागायचं. आपली लेक आपल्याच आईशी पाहुण्यासारखी बोलते, हे त्याला सहन व्हायचं नाही.

किनाऱ्यावर सगळ्यांनी लाइफ जॅकेटं चढवली. बोर्ड गाडीच्या टपावरच्या दांडीला टांगला. अकरा कार्डं लागली.

"बाबा, कॅन आय गो विथ पूर्णिमा मावशी?" गार्गीनं विचारलं. पूर्णिमा म्हणजे गजेंद्रची बायको, गार्गीची लाडकी.

"मराठीत विचार. मग सोडतो."

ती जॅकेटचा पट्टा ओढत राहिली.

"सोप्पं आहे. मी पूर्णिमा मावशीबरोबर जाऊ का? बोल."

गार्गीचे ओठ हलले. सगळे बघत होते. तिचे कान लाल झाले आणि ती वाळूकडे बघत बसली. "जाऊ दे ना रे तिला," नीलांबरी, त्याची बायको, हळूच म्हणाली. त्यानं हातानंच जा म्हणून खूण केली, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

कयाकवाला शहजाद पुढे झाला. आतल्या वाटा अरुंद होत्या, पाणी कमरेइतकं आणि नितळ. दोन्ही बाजूंना चिखलातून पेन्सिलींसारखी मुळं वर आली होती. शहजादनं एक पान तोडून उलटं केलं. खाली पांढरे कण चिकटले होते. "ये समंदर पीता है सर, और नमक बाहर फेंक देता है. चखके देखो." पोरांनी पानं चाटली, तोंडं वाकडी केली, खिदळली. गार्गीही हसली. यशोधनला बरं वाटलं, आणि मघाचा आपला हट्ट आठवून थोडी लाजही वाटली.

आत एक वाळूचा उंचवटा होता. तिथं चहा झाला, चकल्या झाल्या. सुरुवातीला लांबवर रोहित पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येत होता. तो कधी थांबला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. यशोधनच्या आलं, कारण चकलीचा आवाज अचानक फार मोठा वाटला. मग त्यानं सवयीनं डोकी मोजली. दहा.

"गार्गी कुठंय?"

"खेकड्यामागे गेली, त्या झाडांमागे," पूर्णिमा म्हणाली. "आत्ताच."

"गार्गी!"

उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. पानं हलत नव्हती, वारा पडला होता. तिसऱ्या हाकेला झाडांतून आवाज आला, स्वच्छ आणि मोकळा.

"आले, बाबा. थांबा ना जरा!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गार्गी झाडांतून बाहेर आली, गुडघ्यापर्यंत चिखल, केस ओले. "किती हाका मारता!" ती म्हणाली. "खेकडा बघत होते मी."

गजेंद्रनं तर टाळ्याच वाजवल्या. "जिंकलास गड्या!" यशोधननं तिला जवळ घेतलं. तिचे हात गार होते, आणि तिनं हात त्याच्या गळ्यात टाकले नाहीत, नुसते बाजूला राहू दिले. रुसली असेल अजून, असं त्याला वाटलं.

"यल्ला सर, पानी उतर रहा है," शहजाद घाई करायला लागला. "कयाक कीचड़ में बैठ जाएगा."

परतताना गार्गी त्याच्याच कयाकमध्ये पुढे बसली. वाट वळली तेव्हा मागून, फार लांबून, त्याला ऐकू आलं. "बाबा! वेट! वेट फॉर मी!"

त्यानं वल्हं थांबवलं. समोर गार्गीची पाठ होती, ताठ. ती वळली नाही.

शुक्रवार आहे, दुसरी कुटुंबंही आली असतील, तो मनाशी म्हणाला. आजकाल सगळीच पोरं इंग्रजीत बोलतात. त्यानं वल्हं मारलं. शहजाद पुढून ओरडत होता.

किनाऱ्यावर एकेकानं आपलं कार्ड काढलं. बोर्डावर एकच राहिलं. गार्गी त्याच्यासमोर उभी राहून स्वतःच्या फोटोकडे बघत होती, अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"काढ ना गं."

"तुम्हीच काढा, बाबा."

सगळे गाड्यांत बसले होते. नीलांबरी हॉर्न वाजवत होती. त्यानं कार्ड काढलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं दुसऱ्याचं कार्ड काढलं.

"बोर्ड रिकामा!" तो नेहमीसारखं ओरडला.

घरी पोचल्याबरोबर गार्गी आजीशी फोनवर अर्धा तास बोलली. आजी रडली. नीलांबरीनं शिरा केला. यशोधन मात्र जेवताना तिच्याकडेच बघत होता. पोरीच्या बोलण्यात त्याला काहीतरी ओळखीचं वाटत होतं. अंथरुणावर पडल्यावर कळलं. "थांबा ना जरा," "किती हाका मारता," हे सगळं त्यांच्या घरातलं बोलणं होतं. त्याचं, नीलांबरीचं. गार्गीचं स्वतःचं त्यात काही नव्हतं.

रविवारी, तिथल्या शाळेच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, निदा मिसचा फोन आला. गार्गी कुणाशीच बोलत नाही. काही विचारलं की हसते. जणू एक अक्षर कळत नाही.

"हट्ट करतेय," नीलांबरी म्हणाली. "तूच मराठी मराठी केलंस, आता भोग!"

संध्याकाळी तो गार्गीच्या समोर बसला. इंग्रजीत म्हणाला, "गार्गी, गिव्ह मी दॅट ग्लास." ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली आणि हसली. पुन्हा म्हणाला. पुन्हा हसली. ग्लास तिच्या हाताशीच होता.

सोमवारी सकाळी त्यानं तिची उशी झटकली. पांढरे कण खाली पडले. वाळू असेल म्हणून त्यानं बोट जिभेला लावलं. मीठ होतं. मंगळवारी जास्त होतं. बुधवारी तिच्या मानेवर, केसांच्या खाली, बारीक पांढरा थर दिसला. नीलांबरी म्हणाली, थंडीनं कातडी सुटतेय, तेल लावते.

त्यानं शहजादला फोन केला. "शुक्रवार को हमारे पीछे दूसरा कौन सा ग्रुप था?"

"कोई नहीं सर. उस सुबह सिर्फ आप लोग थे."

त्यानंतर त्याला भीती वाटली. खरीखुरी. कुणाला सांगणार, आणि काय? पोरगी मराठी बोलायला लागली म्हणून?

शुक्रवारी पहाटे तो एकटाच निघाला. किल्ली उचलली तर दाराशी गार्गी उभी होती, बूट घालून.

"मी पण येते, बाबा."

तो नाही म्हणू शकला नाही. रस्ताभर ती मागच्या सीटवर बसून होती. आरशात बघायचं त्यानं टाळलं.

अल थखिराला कुणी नव्हतं. ऊन नुकतंच पसरत होतं, पाणी चढायला लागलं होतं. "गाडीत बस," तो म्हणाला. टपावरच्या दांडीला त्यानं बोर्ड टांगला, खिशातून गार्गीचं कार्ड काढलं आणि परत अडकवलं. त्याच्या लेखी हाच एक मार्ग होता. मोजणी पुन्हा उघडायची. आत माणूस आहे, हे लिहून ठेवायचं.

मग तो पाण्याकडे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकीला इंग्रजीत हाक मारली.

"गार्गी! कम होम, बेटा! आय ॲम हिअर!"

काहीच नाही. रोहित पक्षी ओरडत होते.

"आय ॲम सॉरी, गार्गी!"

पक्षी थांबले.

आणि झाडांच्या आतून, खूप आतून, एक आवाज आला. दमलेला, बसलेला. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा, एकेक शब्द जोडत.

"मी... पूर्णिमा... मावशी... बरोबर..."

यशोधन पाण्यात शिरला. पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतले, मग गुडघ्यापर्यंत.

"मी पूर्णिमा... मावशीबरोबर..."

आठवडाभर ती तेच म्हणत होती. त्यानं सोडावं म्हणून.

"हो! हो बाळा, ये! ये तू!" तो रडत ओरडला. पाय उचलेना. "बोलू नको काही, नुसती ये!"

"मी पूर्णिमा मावशीबरोबर जा..."

मागे खुट्ट झालं. आकड्यातून कार्ड सुटल्याचा आवाज. हजार वेळा ऐकलेला.

तो वळला. गार्गी टाचा उंचावून गाडीपाशी उभी होती. कार्ड तिच्या हातात होतं. फोटो पुसून तिनं ते नीट खिशात ठेवलं, त्यानंच शिकवलं होतं तसं.

"बोर्ड रिकामा, बाबा," ती म्हणाली.

झाडांतून पुढचा शब्द आला नाही. रोहित पक्षी पुन्हा ओरडायला लागले.