निळ्या खुणेवरचा श्वास

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे घडलंय. मे महिना, रविवार, दुपारचे अडीच, अकोल्यातलं एक सभागृह. बाहेर पंचेचाळीस डिग्री. अशा उन्हात भूतही घराबाहेर पडत नाही, असं माझ्या मावसभावाचं, सुगतचं, मत होतं.

सुगत अमरावतीत वस्तीच्या बँडमध्ये बासरी वाजवतो. त्याच बँडमधल्या सहदेवकाकांनी त्याला शिकवलं. पहिले आठ महिने नुसतं मेणबत्तीवर फुंकायचं. ज्योत वाकली पाहिजे, विझायला नको. मावशीला वाटलं, पोरगा वाढदिवसाची प्रॅक्टिस करतोय.

पुढे दोघं जोडीनं वाजवायचे. नोटेशनच्या कागदावर श्वासाच्या खुणा... काकांच्या लाल, सुगतच्या निळ्या.

"तू थांबला का मी फुंकतो, मी थांबलो का तू फुंकजो. सूर तुटला नाई पाह्यजे," काका म्हणायचे.

मार्चमध्ये काका गेले.

बँड सांभाळणारे प्रीतमदादा म्हणाले, "सुगत, त्या खुणा खोड अन् एकट्यापुरत्या नव्यानं लिही. अकोल्याच्या स्पर्धेत सूर तुटला, तर तुई जागा करिश्माले देईन."

सुगत आळशी. खोडल्या नाहीत.

अकोल्यात ती लांब सुरावट आली. सवयीनं त्यानं निळ्या खुणेवर श्वास घेतला...

सूर तुटला नाही.

शेजारची खुर्ची रिकामी होती.

पुढची निळी खूण. त्यानं मुद्दाम ओठ बाजूला घेतले...

सूर चालूच.

पहिला नंबर आला. "एवढा दम आणला कुठून बे?" प्रीतमदादांनी विचारलं.

"प्राणायाम," सुगत म्हणाला. खरं त्यानं फक्त घरी बहिणीला सांगितलं.

आता तर तो खुणा खोडणारच नव्हता. असा साथीदार कुठे मिळतो? चहासुद्धा मागत नाही.

आठवड्यानं, दुपारी जेवून सुगत कूलरसमोर झोपला होता. त्याची बहीण माया शेजारी तूर निवडत होती. तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला.

सुगतचा श्वासही थांबला.

मायानं दहा मोजले. वीस...

मग श्वास ऐकू आला. सुगतचा नाही. पलीकडून, जिथं नुसती भिंत होती.

तिनं त्याला गदागदा हलवलं. सगळं सांगितलं.

"दादा, आत्ताच्या आत्ता खोडून टाक त्या खुणा."

सुगतनं कागद काढला.

"खोडतो. पण तेवढा वेळ मी श्वास घेतच नसतो ना, माया... मंग माह्यासाठी कोण घेईन?"

कागद अजून तसाच आहे. परवा मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. दुपारी तो झोपला, तेव्हा मीही मोजलं.

साठ.