निमगोरी पांचाली

पांचालीचा रंग कोणता, यावरून एके काळी लोकांनी एकमेकांची डोकी फोडली होती. महाभारतावरचा संगणकी खेळ बनवणाऱ्यांनी तिला गोरी केली, की ‘पुराणात ती सावळी!’ म्हणून मोर्चा. सावळी केली, की ‘आमच्या देवीला काळं फासलं!’ म्हणून दुसरा. शेवटी सांगलीच्या डॉ. उर्मिला तासगावकरांनी मनरंग चष्मा शोधून काढला आणि भांडणच मिटलं. हा चष्मा घालणाऱ्याच्या मेंदूत डोकावतो, ‘सुंदर बाई’ म्हटल्यावर तिथे जो वर्ण उमटतो तो टिपतो आणि खेळातल्या नायिकेला चढवतो. ज्याची त्याची पांचाली ज्याच्या त्याच्या रंगाची. मोर्चे बंद, धंदा जोरात.

त्या पांचालीचा चेहरा, चाल आणि आवाज मात्र एकाच बाईचा होता. नाटकात कामं करणारी शाल्मली दिघे. शाल्मली चांगली काळी. स्थळं बघताना आईने पत्रिकेत ‘वर्ण निमगोरा’ लिहिलं होतं, कारण काळ्या मुलींचा वर्ण पत्रिकेत निमगोराच असतो. ओजस पहिल्याच भेटीत हसून म्हणाला, “निमगोरी कसली? मस्त काळी आहेस की!” त्या एका वाक्यावर तिने त्याच्याशी लग्न केलं.

आणि आता? रविवारी दुपारी ओजस खेळत होता. दुसरा चष्मा चढवून ती सहज शेजारी बसली आणि तिने काचा पुसून पुन्हा पाहिलं. चेहरा तिचाच, पण बाई केतकीसारखी गोरीपान! आणि ओजस तिच्याकडे बघून खुळ्यासारखा हसत होता.

“ही कोण सटवी?”

“तूच की गं.”

“मी अशी आहे?”

“अगदी अश्शी!” ओजस म्हणाला.

झालं! चार दिवस घरात अबोला. स्वतःच्याच चेहऱ्याची सवत! तिला अन्न गोड लागेना. पाचव्या दिवशी तिने बॅग भरली, पण माहेरी जाण्याआधी ती तासगावकरबाईंच्या प्रयोगशाळेत जाऊन थडकली.

“बाई, माझ्या नवऱ्याच्या मनातली ती गोरी पुसून टाका. नाहीतर मी चालले घर सोडून.”

“तुम्ही कोणाच्या चष्म्यातून पाहिलीत तिला?”

“माझ्या. त्याचा त्याच्या डोळ्यांवर होता.”

“अहो, मग एकाचा रंग दुसऱ्याला दिसेलच कसा? चष्मा ज्याच्या डोळ्यांवर, मन त्याचं. ती गोरी तुमची आहे.”

“काहीतरीच काय! मी कशाला...”

बाईंनी ओजसला फोन करून परवानगी घेतली आणि त्याच्या चष्म्यातलं चित्र मागवून घेतलं आणि ते कागदावर छापून तिच्या हातात ठेवलं. पांचाली काळीभोर होती, तुकतुकीत. नाकाशेजारचा तीळही त्या रंगात हरवला होता.

शाल्मलीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिने विचारलं, “माझ्या मनातला रंग बदलता येईल?”

“चष्मा फक्त वाचतो हो,” बाई म्हणाल्या. “आत लिहिलेलं खोडता येत नाही त्याला.”

घरी येऊन तिने बॅग रिकामी केली आणि तो कागद कपाटात साड्यांच्या तळाशी दडवला. पण दिवसातून दहादा ती तो काढून बघू लागली. ओजस इतकी वर्षं जिच्यावर जीव टाकत होता, ती ही. आरशात शाल्मलीला ही बाई एकदाही दिसली नव्हती, आणि तिला तिचा भयंकर हेवा वाटत होता.